जीपच्या नळीला दोन तोट्या

ये गं बाय, वाचताना माझ्या जवळ बसलीयस असं समज. आणि आधी मला सांग, परवा फोनवर एवढी हसलीस कशाला? आत्या इंजिनाच्या नळीत हात घालते म्हटलं, तर तुला वाटलं थापा मारते! भाची झालीस म्हणून काय म्हातारीची टिंगल करायची? आमच्या करंजाड्याला पाऊल टाकत नाहीस, मग तुला कळणार कसं? म्हणून लिहून काढते. वाच नीट.

आमची सून जीप चालवते, तुला माहीत आहे. मुलगा बोटीवर, वर्षातला बराच काळ बाहेर. ही सकाळी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यांवरून पोरं भरते आणि शाळेत सोडते. दिवाळीच्या सुट्टीत तिने बॉनेट उघडलं, तर हवेची रबरी नळी चिरलेली. ती नळी म्हणजे इंजिनाचं नाकच समज. फिल्टरमधून गाळलेली हवा तिच्यातून आत जाते. गाडी इतकी जुनी, की तो पार्ट आता कुठे मिळत नाही. मग सायलेन्सरवाल्याकडून तिने तशीच लोखंडी नळी वाकवून आणली. नळी झकास झाली, पण जुनीला दोन तोट्या होत्या, एक जाड, एक बारीक. इंजिनावरून येणारे दोन रबरी पाइप त्यांच्यावर चढायचे. नवीला एकही तोटी नाही, आणि सायलेन्सरवाला दुकान बंद करून गावी गेलेला.

सोमवारी तर शाळा सुरू. वाड्यांवरच्या आया तिला आधीच बोलल्या होत्या, "ताई, गाडी नाय आली तं आमी दुसऱ्या गाडीवाल्याला हो म्हनतो. पोरांची शाळा बुडते." त्यांचंही खरंच. पण त्या फेऱ्या गेल्या की सुनेची गाडी गेलीच म्हणायची, कारण आमच्या ह्यांना ती विकायला निमित्तच हवं होतं.

मी म्हटलं, "अगं, पाण्याच्या टाकीला नळ कसा जोडतात? भोक पाडायचं, आतून एक नट, बाहेरून एक नट, मध्ये रबरी वायसर. तसंच करू की."

सुनेने आटे पाडलेल्या दोन तोट्या आणल्या, एक जाड, एक बारीक; नळीला भोकं पाडली, कानशीने कडा घासल्या. पण आतला नट धरणार कोण? तिचा पंजा आत जाईना. मी बांगड्या उतरवल्या, हाताला साबण फासला, कासार तंग बांगडी भरतो तेव्हा अंगठा कसा तळहातात दुमडतो, तसा दुमडला आणि हात सरकवला आत. बसले दोन्ही नट! तू हसलीस ना, तो हाच हात.

ह्यांनी जन्मभर डंपर चालवला. खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, "झाला कारखाना? आता हादऱ्यानं आतला नट सुटला तर कुठं जाईल?"

"जाईल कुठं? नळीतच राहील."

"इंजिन हवा ओढतं ना? नट सरळ इंजिनात. मंग गाडी विकायला गिऱ्हाईक शोधायला नको, भंगारवालाच येईल."

सुनेने पाना उचलला आणि नट सोडवायला घेतले. माझा हात पुन्हा आत. या खेपेला निघताना तो चांगलाच सोलला.

शेजारच्या ग्रिलवाल्याने नळी हातात घेऊन परत दिली. म्हणाला, पत्रा पातळ आहे, माझ्या वेल्डिंगने भोक आणखी मोठं होईल. सून पायरीवर बसली. मी हात धुवून तुळशीला पाणी घालायला झारी उचलली आणि तिच्या तोटीकडे बघतच राहिले. ही तोटी मागे निखळली होती. पनवेलच्या जुन्या बाजारात भांडी दुरुस्त करणारा आहे, त्याने पितळेचा डाक लावून बसवली होती. म्हणजे वितळलेल्या पितळेचा सांधा.

"ऊठ गं," म्हटलं, "गाडीचा माणूस नकोच आपल्याला."

पनवेलच्या त्या भांडीवाल्याने नळी फिरवून फिरवून बघितली. "काकी, हे कसलं भांडं?"

"दोन तोट्यांची झारी समज."

"तळ कुठंय हिला?"

"तळ नाही. हवा भरायचीय तिच्यात."

"हवेला तोट्या!" तो हसला, तुझ्यासारखाच. पण काम मन लावून केलं. सून मागे लागली होती, "दादा, आत काही वर यायला नको हं." त्याने तोट्या आतून पत्र्याबरोबर ठेवल्या, वरून डाक दिला. मग बुडाला पंजा लावून, तोट्यांवर बोटं दाबून नळीत पाणी भरलं. बारीक तोटीच्या मुळाशी थेंब आला. पुन्हा जाळ, पुन्हा पाणी. तेव्हा कुठे कोरडी राहिली.

घरी आणून आतली काजळी, खपल्या ब्रशने खरवडल्या. दोरीला फडकं बांधून आरपार ओढलं, ते पांढरं निघेपर्यंत. ह्यांनी स्वतः बोट फिरवून बघितलं. "आत काय नाय," एवढंच म्हणाले. रबरी पाइप ताठरले होते, त्यांची टोकं गरम पाण्यात बुडवली, तोट्यांवर चढवली आणि क्लिपा आवळल्या.

सोमवारी हे पुढच्या सीटवर जाऊन बसले. म्हणे, हादरे बघायचेत. खडीच्या रस्त्यावर गाडी थांबवायला लावून बॉनेट उघडलं. तोट्या जागच्या जागी. वाड्यांवर पोरं नेहमीसारखी ढकलाढकली करत चढली आणि दुसऱ्या गाडीवाल्याचा विषय निघालाच नाही. विकायचं म्हणशील, तर हे आता "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. आमच्याकडे ते पुष्कळ झालं.

तर आता तू ये. पनवेल स्टेशनवर उतर, सून जीप घेऊन येईल. बॉनेट उघडून आधी तोट्या बघ आणि मग हस हवं तेवढं. पण लवकर ये गं बाय.