माणसांच्या सलाइनमधला बेडूक

नांदेडला एम.एस्सी. करताना माझ्या प्रबंधासाठी दोनच बेडकांची परवानगी मिळाली होती. बेडकाच्या आतड्याचं अस्तर सोडियमचे आयन अन्नाच्या बाजूकडून रक्ताच्या बाजूला ओढून नेतं. त्यामुळे अस्तराच्या दोन बाजूंत थोडासा विद्युतदाब तयार होतो. मला तो मोजायचा होता. पहिल्या बेडकाच्या अस्तरावर मीटरचा काटा हलला आणि लगेच शून्यावर आला.

कारण टेबलावरच होतं. अस्तर ज्यात बुडवून ठेवायचं ते द्रावण आमच्या प्रयोगशाळेत क्षार तोलून बनवत नसत. मेडिकलमधून माणसांना लावायच्या सलाइनची बाटली आणत. बेडकाच्या रक्तात मीठ आपल्यापेक्षा कमी असतं. त्या सलाइनमध्ये त्याच्या पेशी आकसल्या आणि काम थांबलं. कुणाला मीठ तोलायचा कंटाळा, म्हणून एक जीव फुकट गेला होता.

मार्गदर्शक सरांना मी हे सांगितलं.

"मीठपाणी ते मीठपाणी," ते म्हणाले. "इतकी वर्षं आम्ही काय गवत उपटून राहिलो का?"

"इतक्या वर्षांत काटा टिकला कधी, सर?"

"लई बोलायला लागलीस, बाई. हे बिलोलीकडचे बेडूकच मरतुकडे हायेत. दुसरा काप."

"नवं द्रावण झाल्याशिवाय कापणार नाही."

"मग प्रबंधावर माझी सही न्हाई."

मी तराजू पुढे ओढला आणि क्षार तोलायला घेतले. दुसऱ्या बेडकाच्या अस्तरावर काटा दुपारभर टिकला. सर शेजारच्याच खोलीत होते. ते बघायला आले नाहीत. सही अजून झालेली नाही.