कापा, बरका आणि आतोबांचं टेबल

डॉक्टरांनी आत्याला जमिनीवर बसून जेवायचं नाही असं सांगितलं. त्या दिवशी आतोबांनी जेवणाचं टेबल करायचं ठरवलं.

लाकडाचा एवढा विचार केलेला आणि त्यापायी एकही टेबल न केलेला माणूस सबंध सिंधुदुर्गात एकच, तो म्हणजे माझे आतोबा. दुसऱ्या कोणी संध्याकाळपर्यंत टेबल टेम्पोत घालून आणलं असतं. आतोबा आधी माणसाचं लाकूड ओळखायचे, मग नाव विचारायचे. त्यांचे सासरे, म्हणजे माझे आजोबा, सागवान: "वाळवी लागाची नाय, पण जवळ बसान ऊबय गावाची नाय." मी पुस्तकात डोकं घालून बसणारा, म्हणून शिवणीचं लाकूड: "हलको आसा, पण पावसात वाकडो जावचो नाय." आत्याचं लाकूड कोणतं, असं मी एकदा विचारलं, तेव्हा स्वयंपाकघराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "ता माका अजून समजला नाय रे. तिचो रंदो माझ्यावर चालता, माझो तिच्यावर चालणा नाय."

"माका सगळा ऐकाक येता हां!" आतून आत्या म्हणाली.

मी त्यांना कुडाळला फर्निचरच्या दुकानात नेलं, ती माझी भाबडी आशा. चकचकीत टेबलावर 'शिसवी' अशी चिठ्ठी होती. आतोबांनी धोतर सावरलं आणि सरळ टेबलाखाली शिरले. तिथून नखाने खरवडल्याचा आवाज येऊ लागला. दुकानातली मुलगी वाकून म्हणाली, "काका, काही पडलं का?"

"नाय गो. शिसव खंय आसा ती शोधतंय."

ती सापडली नाही. भुसा दाबून केलेल्या फळीवर शिसवीचा नुसता कागद होता. त्यानंतर मी एकटा त्या रस्त्याने गेलो तरी मालक तोंड फिरवायचा.

इकडे आत्या खुर्चीत बसून मांडीवर ताट घेऊन जेवत होती आणि आतोबा खाली पाटावर. लग्न झाल्यापासून दोघं समोरासमोर जेवलेली. आता तिला त्यांचं टक्कल दिसायचं आणि त्यांना तिचे गुडघे. "सागवान घेवा नायतर चुलीतला घेवा," ती म्हणायची, "पण माका तुमचा तोंड बघून जेवूक व्हया." आतोबांना हे पटायचं. म्हणूनच घाई करायची नाही, असं ते म्हणायचे. आंब्याला कीड लागते. ऐनाचं लाकूड दणकट, पण केर काढताना टेबल सरकवायला हत्ती हवा. शेवटी साग आणि फणस उरले, आणि आतोबा देवळात गेले.

आमच्याकडे जमिनीची वाटणी, मुलीचं स्थळ असं काही अडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि आधी कोणती पडते ते बघायचं. गुरव म्हणाला, "भाऊ, देवाक टेबलाचा कोण इचारता?"

"मगे काय तुका इचारू?"

उजवी पाकळी पडली. फणस. मी सुटकेचा श्वास सोडला, तो देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकला.

"फणस सांगल्यान," आतोबा म्हणाले, "पण कापो की बरको, ता खंय सांगल्यान?"

घरामागे फणसाची दोन झाडं होती. एक कापा, कुरकुरीत गऱ्यांचा. दुसरा बरका, मऊ, रसाळ. त्याच्या रसाची आत्या वाफवलेली गोड सांदणं करायची आणि एरवी पथ्याचं खाणारी ती, सांदणं मात्र दुसऱ्याला विचारायच्या आधी स्वतः संपवायची. आतोबा बरक्याला शिवत नसत. त्यांचा जीव काप्यावर. उन्हाळ्यात ते गरे खाऊनच जेवण झालं म्हणून सांगायचे. कोणता तोडायचा, यावर एक पावसाळा गेला. मग एका सकाळी झाड तोडायच्या परवानगीचा कागद घेऊन ते आले आणि गावातल्या सुताराला, मेस्त्रींना, कापा दाखवला. "काप्याचा लाकूड घट," एवढंच कारण सांगितलं. मेस्त्रींनी एकदा बरक्याकडे बघितलं, मग आतोबांच्या चेहऱ्याकडे, आणि कुऱ्हाड उचलली.

"आता गरे खंयचे खातलात?" आत्याने विचारलं.

"शेजाऱ्याचे. चोरलेले गॉड लागतत."

ओलं लाकूड वापरलं तर टेबल फाटेल, म्हणून मेस्त्रींनी फळ्या पडवीत एकावर एक रचल्या, वारा खेळावा म्हणून मधे पट्ट्या घालून. रास कमरेएवढी झाली. एका दुपारी आत्याने खुर्ची तिथे ओढली आणि ताट राशीवर ठेवलं. गुडघे आत जात नव्हते, म्हणून तिरकी बसली. आतोबा पाटावरून उठले, पलीकडे स्टूल ठेवलं आणि तेही तिरके बसले. दोघांच्या मधे आमटीचं पातेलं. त्यानंतर ती दोघं तिथेच जेवू लागली.

फळ्या वाळल्या. मेस्त्री टेप घेऊन आले. आतोबांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "पाय कसल्याचे करूचे? ऐनाचे की किंजळीचे?" मेस्त्री कपाळाला हात लावून गेले. त्या दिवशी जेवताना आत्याने फक्त आतोबांच्या ताटात आणखी भात वाढला.

गेल्या श्रावणात आतोबा गेले. पायांचं ठरायचं राहिलं. दिवसकार्य आटोपल्यावर मेस्त्रींनी हळूच विचारलं, "वयनी, आता करूया काय?" आत्या म्हणाली, "नको. बरा आसा."

फळ्या पडवीतच आहेत. कापल्या तेव्हा पिवळ्या होत्या, आता तपकिरी झाल्या आहेत. आत्या एका बाजूला तिरकी बसून जेवते. रविवारी मी गेलो की समोर बसतो.