वाल्मिकच्या वाटणीचा रोट

खरं सांगते, त्या दिवशी सुभद्राबाईचा गळा धरावासा वाटला मला. आणि अख्ख्या गोडादऱ्याच्या वस्तीत तिच्याइतकं जवळचं मला कुणी नाही. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. सकाळी एकाच रिक्षाने वेसूला जायचो, एकाच फ्लॅटमध्ये. रसीलाबेनकडे ती स्वयंपाक करायची, मी भांडी घासायची. ती शिरपूरकडची, घरात अहिराणी बोलणारी, मी बुलढाण्याची. ती दिवसभरात जेवढं बोलते तेवढं मी चहा गाळेपर्यंत बोलून मोकळी होते.

एकाच गोष्टीचा सल होता माझ्या मनात. श्रावणात तिच्याकडे कानबाई देवी बसते. घरातल्या एकेका गड्याच्या नावाने मूठ-मूठ गहू मोजून घ्यायचे, त्यात हरभऱ्याची डाळ, गूळ, आणि त्याचे रोट करायचे. दिवसभर भिंतीपलीकडून तळणाचा वास येतो आणि आमच्या ताटात कधी तुकडा नाही. सासू म्हणायची, आपण बौद्ध ना, म्हणून देत नाहीत. सुभद्राबाई म्हणायची, तसं नाही गं, रोट फक्त घरच्यांनी खायचा. लग्न झालेली लेकसुद्धा परकी. बाहेर द्यायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही, उरला तर वाहत्या पाण्यात सोडायचा. मी मान डोलवायची, पण पटायचं अर्धंच.

आता त्या मशीनचं सांगते. बेनच्या मुलाने अमेरिकेहून आल्यावर सिंकखाली कचरा दळायचं मशीन बसवलं होतं. नळ सोडायचा, बटण दाबायचं, की साली-देठं दळून पाण्याबरोबर पाइपात जायची. सोय त्यांची आणि जीव माझा जायचा. पोळी टाकायची नाही, भात टाकायचा नाही. मागे मी शेवग्याच्या शेंगांचा चोथा टाकला तर पाइप तुंबला. तेव्हाच बेननी बजावलं होतं, पुन्हा तुंबलं तर तू घरी बसायचं. माझा नवरा पाठीच्या दुखण्याने घरीच पडून. मीही घरी बसले असते तर चूल कशावर पेटवली असती?

कानबाई उठली, म्हणजे विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई मला न सांगताच पुढे निघून गेली. असं कधी करत नाही ती. मी पोचले तर सिंक काठापर्यंत भरलेलं, गढूळ पाणी. बटण दाबलं. मशीन फिरलं, पण पाणी खाली जाईना, उलट बुडबुडे वर आले. त्यात दुपारी बेनच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. सुभद्राबाई पाठ करून कणीक मळत होती. म्हटलं, "बाई, बघ तरी हे." तिने मान वळवली नाही.

बेन आल्या. सिंक बघितलं, मग मला बघितलं. "आमां शुं नाख्युं तें?"

"मी काहीच टाकलं नाही बेन. आत्ताच तर आले."

"दर वेळी तुझं हेच असतं."

धर्मेंद्र प्लंबर आला तोवर अर्धी सकाळ सरली होती. त्याने आधी मशीनचा प्लग काढला, मग मग्याने पाणी उपसलं. खाली बादली लावून वाकड्या पाइपाचा आटा सोडायला लागला. आटा हलेना. बेन डोक्यावर उभ्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, साल निघू दे, चमचा निघू दे, काहीही निघू दे, पण माझ्या नावावर लागेल असं नको.

आटा सुटला आणि बादलीत लगदा पडला. बदाबदा पडला. घट्ट, पिवळट, मध्ये तळलेले तांबूस तुकडे. धर्मेंद्रने बोट लावलं आणि म्हणाला, "गेहूं का आटा है मॅडम. फुलून बसलाय."

गुळाचा वास आला आणि मला कळलं. तोच वास परवा दिवसभर माझ्या घरात भरला होता.

मी सुभद्राबाईकडे बघितलं. तिची पाठच दिसत होती, पण हात थांबले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ही मूग गिळून उभी! बेन म्हणाल्या, "छाया, भांडी राहू दे. तू निघ आता." नाव माझ्या जिभेवर आलं होतं, आणि तरी फुटेना. बोलले असते तर तिची भाकरी गेली असती, न बोलले तर माझी. मी हात पुसले आणि पिशवी उचलली.

दाराशी पोचले तेव्हा मागे गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

"बेन, उसने नहीं डाला," सुभद्राबाई म्हणाली. "मैंने डाला."

बेनना आधी खरंच वाटेना. मग त्या धर्मेंद्रला म्हणाल्या, कचऱ्याच्या डब्यात टाक ते आणि मोकळा हो. तशी ही बाई खाली बसली आणि बादलीत हात घातला. सगळ्यांसमोर तो घाण लगदा ओंजळीने आपल्या जेवणाच्या डब्यात भरला. बेन तोंडाला पदर लावून मागे सरल्या. म्हणाल्या, "पाहुण्यांचं जेवण कर. उद्यापासून येऊ नको." तिने सगळं जेवण केलं. एकही पुरी कच्ची राहिली नाही. मीही पिशवी ठेवून पुन्हा भांड्यांना लागले.

संध्याकाळी रिक्षाची वाट बघत उभ्या होतो तेव्हा माझा राग तोंडातून बाहेर पडलाच. "मला हाकलत होते गं! पाठ करून कशी उभी राहिलीस?"

"भेवानू," ती म्हणाली. भ्यायले. आणि मग, "मना वाल्मिक उना नही, माय."

वाल्मिक तिचा लेक, तो आला नव्हता. बापाशी भांडून बायकोला घेऊन कतारगामला राहायला गेलेला. तिने त्याच्या नावाची मूठ यंदाही मोजली होती. कानबाई उठली तरी त्याचे रोट झाकून ठेवले, येईल म्हणून. पहाटे त्याचा फोन आला, वाट बघू नको. एवढ्या सकाळी काम सोडून तापीवर कुठे जाणार? मशीनमधूनही पाणीच वाहतं, असं तिने स्वतःला समजावलं आणि नळ सोडून एकेक रोट आत लोटला.

सांगता सांगता तिने पिशवीतून फडकं काढलं. आत एक अख्खा रोट होता.

"हाऊ एक टाकायना नही मनाकडतून," ती म्हणाली आणि माझ्यापुढे धरला. "ले, खाय."

"मी? मला कसा चालेल?"

"वाल्मिकना वाटाना से. समदा खाय. मांगे उरू देऊ नको."

रोट कडक झाला होता. गूळ दातांना चिकटत होता. राग अजून गेला नव्हता माझा, तसाच चावत राहिले. रिक्षावाला थांबून हॉर्न वाजवत होता, पण ती हलली नाही. शेवटचा घास माझ्या घशाखाली उतरेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग रडली.