निळ्या रंगाखालची पट्टी

माझं डोकं लवकर तापतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या हिवाळ्यात मात्र आमची जीप काही केल्या तापत नव्हती, आणि आम्ही दोघी एकाच अंगणात असल्यामुळे अण्णांचे फार हाल झाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आईला आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिसला न्यावं लागायचं. आठची पाळी, म्हणून परतूरहून पहाटे साडेपाचला निघायचं. उशीर झाला की ती खुर्ची दुसऱ्या पेशंटला जाते, आणि त्यालाही ती तितकीच हवी असते. रेल्वे आहे, पण स्टेशनच्या पायऱ्या आईला चढवत नव्हत्या. म्हणून जुनी डिझेल जीप, चालवायला अण्णा, आणि शाळेत रजेचा अर्ज टाकून सोबत जाणारी मी.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि पहाटे जीप उठेना. डिझेल इंजिनला गारठ्यात आधी ऊब लागते. चावी अर्धी फिरवून थांबायचं, आत चार हीटर प्लग लाल होतात, मग सेल्फ मारायचा. आमची जीप नुसती कण्हायची. इंजिनवर गरम पाणी ओतून झालं. शेजारचे लोक घोंगड्या पांघरून धक्का मारायला येऊ लागले. आणि धक्क्याची वेळ आली की आई खाली उतरायची. लोक ढकलतात तर माझं ओझं कशाला, म्हणायची. पाय सुजलेले, अंगावर शाल, ओट्याचा कोपरा धरून उभी राहायची आणि तेवढ्यानंही तिला धाप लागायची. बसून राहा म्हणून कितीही सांगितलं तरी ऐकलं नाही.

गावातल्या फिटरने चारही प्लग नवे घातले, मग बॅटरी बदलली. जीपने दाद दिली नाही. एका शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा खुर्ची गेली होती. दुसरी खुर्ची रिकामी होईपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, आई बाकावर बसून होती आणि मी तिचा श्वास मोजत होते. परत येताना मी अण्णांना नको नको ते बोलले. हे धूड भंगारात घाला, आणि ज्यानं कुणी हे बिघडवून ठेवलंय तो एकदा सापडू द्या, मी सोडणार नाही. अण्णा रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आष्टीच्या मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात. गाड्यांचं काम त्यांचं नव्हे, पण अण्णांशी जुना घरोबा. मोटारवाल्याला जीपमधलं काय कळणार, असं माझ्या मनात आलंच. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी मलाच विचारलं, कवापासून? मी म्हटलं, थंडी पडली तेव्हापासून.

"थंडी तर दरसाल पडती, ताई. त्याच्या आधी गाडीला काय केल्तं?"

मी नवे प्लग आणि नवी बॅटरी दाखवली. मिस्त्रींनी मला चावी फिरवून धरायला लावली, आणि लेकराचा ताप बघावा तसं चारही प्लगांना एकेक बोट लावलं. पहिला गरम, बाकीचे तीन गार. मग खिशातून दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला. एक वायर इंजिनच्या लोखंडाला टेकवली, दुसरी पहिल्या प्लगच्या टोकाला. बल्ब लागला. दुसऱ्या प्लगला लावली, लागला नाही. चारही प्लगांना जोडणारी एक पट्टी असते, पहिल्याचा करंट तीच पुढे नेते. मिस्त्रींनी वायरीचा एक तुकडा घेऊन त्या पट्टीला वगळून पहिला आणि दुसरा प्लग जोडला. बल्ब लखकन लागला. मी थक्क झाले. एवढे दिवस आम्ही बॅटरी, प्लग, नशीब, सगळ्यांना दोष दिला होता, आणि या माणसानं दहा मिनिटांत नेमक्या वीतभर जागेवर बोट ठेवलं होतं.

त्यांनी पट्टी सोडवून हातात घेतली. ती निळीशार होती. चाकूने जरा खरवडली तेव्हा आत पितळ चमकलं.

"रंगातून करंट जात न्हाई," मिस्त्री म्हणाले.

मी अण्णांकडे पाहिलं. आमची बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली. पोळ्याला शिंगं रंगवणारा त्यांचा हात तेव्हापासून रिकामा होता. यंदा खंडेनवमीला जीपची पूजा होती, म्हणून त्यांनी इंजिनची एकेक वस्तू सोडवून पुसली होती, आणि शिंगांसाठी आणलेला उरलेला ऑइलपेंट मन लावून दिला होता. फिटरनेही तीच पट्टी पुसून परत बसवली होती.

"मीच दिल्ता रंग," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

काल मी कुणाला सोडणार नव्हते, ते मला आठवत होतं आणि मला माझीच लाज वाटली. मिस्त्रींनी ना माझ्याकडे पाहिलं, ना त्यांच्याकडे. इंजिनवरून हात फिरवला आणि म्हणाले, "रंग लई सफाईनं बसलाय, अण्णा. तुमचाच हात पाहिजे. एवढी पट्टी तेवढी उघडी करा." आणि पट्टी व पॉलिश पेपर अण्णांच्या हातात दिले.

अण्णा ओट्यावर बसून घासत राहिले. तेवढ्यात मिस्त्रींनी एक प्लग काढला, पक्कडीत धरून बॅटरीला जोडला आणि आईला बघायला बोलावलं. बोटाएवढ्या त्या प्लगचं टोक आधी काळपट लाल झालं, मग निखाऱ्यासारखं फुललं. आई कितीतरी वेळ बघत होती.

"एवढुशा जिवावर एवढी गाडी?" ती म्हणाली.

मंगळवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. शेजारचे दोघे सवयीनं घोंगड्या घेऊन फाटकाशी आले होते. अण्णांनी चावी अर्धी फिरवली आणि मनातल्या मनात दहा मोजायला लागले, त्यांचे ओठ मला दिसत होते. मागे जीपच्या दाराची कडी वाजली म्हणून मी वळून पाहिलं. आईनं उतरायसाठी शाल सावरली होती आणि दार धरलं होतं.

अण्णांनी सेल्फ मारला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

आईचा हात दारावर तसाच होता. मग तिनं तो काढून मांडीवर ठेवला.