बायजाबाईचा पहारा

गोड बोलणारा माणूस दिसला की करावे गावची बायजाबाई आधी त्याच्या हातांकडे बघायची. खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकण्यात तिचा जन्म गेला होता, आणि गोड बोलणारं गिऱ्हाईक शेवटी भाव पाडतंच, असं तिचं ठाम मत होतं. म्हणून पंच्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात श्यामसुंदर नावाचा एक माणूस देवळात तिच्या सुनेचं, जयमालेचं पोथीवाचन ऐकून घरी आला, तेव्हा तिने त्याला पाणी दिलं, पण बसायला पाट दिला नाही.

"वाशीला माझा स्टुडिओ आहे, आजी. रेडिओच्या जाहिराती करतो. उदबत्तीच्या जाहिरातीला वहिनींचाच आवाज हवाय."

"आवाजच पायजे? बाकी काय नको?"

"फक्त आवाज."

"फकस्त आवाज नेनारा मानूस मी आजवर बगला नाय."

जयमाला मॅट्रिक झालेली. मास्तरीण व्हायचं मनातच राहिलं होतं. त्या दिवशी तिची भाकरी दोनदा करपली. नवरा धर्मराज ट्रॉलरवर, भर दर्यात. शेवटी बायजाबाईनेच देवापुढे नारळ ठेवला आणि सांगितलं, "जाशील तर मी संगती येनार. आनि पदर सोडनार नाय तुजा."

स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीच्या मागे एक खोली. भिंतींना चक्क गाद्या ठोकलेल्या.

"भितीला गाद्या कशाला रं?"

"आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आजी."

"मंजे आत कोन वरडला तरी बाहेर समजनार नाय?"

"अजिबात नाही!" श्यामसुंदर हसला. ते हसणं तिला मुळीच आवडलं नाही. तिने दारातच पाय रोवला. दार लागेना. शेवटी तिला आत, सुनेशेजारी स्टूल मिळालं तेव्हा कुठे दार लागलं.

जयमालेने चपला बाहेर काढल्या होत्या. माइकसमोर अनवाणीच उभं राहायचं, ही देवळातली सवय. तिने कागद धरला, वाचायला सुरुवात केली, आणि किणकिण झाली.

"थांबा," काचेपलीकडून श्यामसुंदर बोलला. "बांगड्या काढून ठेवा."

हिरव्या काचेच्या, हाताला सहा-सहा. कासाराने अशा घट्ट भरलेल्या की न फुटता निघणं कठीण. पुन्हा वाचलं, पुन्हा किणकिण. श्यामसुंदर दार उघडून आत आला. बाहेर बाकावर एक बाई बसली होती. मोकळ्या मनगटावर फक्त घड्याळ.

"वहिनी, टेप आज संध्याकाळी द्यायचीय. नाहीच जमलं तर या बाईंकडून करून घेतो."

बायजाबाई ताडकन उठली. "नवरा दर्यात हाय तिचा! आनि तू तिला बांगड्या काडायला सांगतस? तवाच मला वाटला, नुसता आवाज कोन नेतो!"

"आई," जयमाला हळूच म्हणाली, "साबण लावून बघते. एक-दोन वाढवल्या तर..."

फुटल्या म्हणायचं नाही म्हणून ती वाढवल्या म्हणाली. पण बायजाबाईच्या कानात फुटल्याचाच आवाज आला. वीस वर्षांपूर्वी, ओट्यावर, तिच्या स्वतःच्या. तिने आपली मनगटं पाहिली. तेव्हापासून मुकी.

मग ती पुढे झाली आणि जयमालेची दोन्ही मनगटं तिने बांगड्यांसकट मुठींत धरली. चिंबोरी धरावी तशी. घट्ट, तरी न दुखवता, नांगी हलणार नाही अशी.

"वाच," ती म्हणाली. आणि श्यामसुंदरकडे वळून, "बगतोस काय? तुजी मशीन चालू कर."

जयमालेने देवाचं नाव घेतलं आणि वाचलं. बायजाबाईने श्वास रोखला. एका दमात काम झालं. श्यामसुंदर मान हलवून "छान" म्हणाला, तरी तिने हात सोडले नाहीत. आधी बांगड्या मोजल्या. बाराच्या बारा.

धर्मराज सुखरूप परतला. पुढच्या महिन्यात एका सकाळी रेडिओवर जाहिरात लागली. बायजाबाई शेवटपर्यंत रेडिओला कान लावून बसली.

"माजा काय आयकू आला?"

"नाही हो, आई."

"श्वास पन नाय?"

"नाही."

"मंग ठीक."

काही दिवसांनी श्यामसुंदरचं कार्ड आलं. मसाल्याची जाहिरात होती, गुरुवारी दहा वाजता. सासूबाईंचं नावही नव्हतं त्यात. गुरुवारी जयमाला बसथांब्यावर पोचली, तर बायजाबाई आधीच येऊन बसलेली.

"लय गोड लिवलाय ना पत्रात?" ती म्हणाली. "मंग चल. बगू."