पूर्ण ताटाचे ऐंशी रुपये

मागच्या गुरुवारी मी एका बाईंच्या जेवणाचं कूपन परस्पर काढलं... आणि लातुरात माझ्यासोबत जेवणारं एकमेव माणूस घालवून बसले.

मी एका क्लासमध्ये टेस्टचे पेपर तपासते आणि मुलांचे डाउट सोडवते. मुलं सतरा-अठरा वर्षांची, दर मे महिन्यात निघून जातात. दिवसभरात ‘मॅम, एक डाउट’ याच्यापलीकडे माझ्याशी फारसं कुणी बोलत नाही.

क्लासच्या मागच्या गल्लीत निवृत्त लोकांची वसाहत आहे. तिथल्या कँटीनमध्ये दुपारी बाहेरच्यांनाही जेवता येतं. आधी कूपन काढायचं, ते डब्यात टाकायचं आणि बसायचं. पोटभर जेवण, पाहिजे तितकं मागा. पोरांच्या मेसमधला गोंगाट नको म्हणून मी तिकडे जायला लागले.

तिथंच गयाबाई भेटल्या. (नाव बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहितेय.) सरकारी दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. एक दिवस माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या, मग रोजच बसायला लागल्या. आम्ही फार बोलायचो नाही. पण मला उशीर झाला तर त्या थांबायच्या... माझ्यासाठी कुणी थांबतंय, याचंच मला अप्रूप होतं.

महिन्यापूर्वी ताटाचा दर साठाचा ऐंशी झाला आणि कँटीनमध्येच मीटिंग भरली. एक रिटायर्ड तलाठी आजोबा उठले. “मी दीड पोळी खातो. म्हणजे एक पोळी पन्नासच्या वर पडायली की! सोन्याचं पीठ मळायलेत का?” मागून कुणीतरी म्हणालं, “पोळीचं सोडा, वाटीत डाळ शोधावं लागायलंय.”

अर्धं ताट सुरू करा, चाळीस रुपयांत, परत वाढणं नाही, असं ठरत आलं. सगळ्यांचे हात वर. गयाबाई तेवढ्या म्हणाल्या, “माझं पूर्णच ठेवा.”

“अहो, तुम्ही तर एकच पोळी खाता!”

“एक खाईन न्हाई तर धा खाईन. ते मी ठरवीन.”

सगळे हसले. खरं सांगते, मलाही तो हट्टच वाटला.

गुरुवारी माझा पगार वाढला. आईला फोन लावला, पण गावात रेंज धड नसते, लागला नाही. दुसरं सांगायला कुणी सुचेना... म्हणून काउंटरवर दोन कूपनं काढली. गयाबाईंना जेवताना सांगू, असं मनात होतं.

त्या आल्या, पैसे पुढं केले. काउंटरवरचे काका म्हणाले, “तुमचे मॅडमनी दिलेत.”

त्यांचा हात तसाच राहिला. माझ्याकडं वळून म्हणाल्या, “कशापायी? मी कधी तोंड पसरलं का तुझ्यापुढं?” आणि न जेवता गेल्या.

शुक्रवारी त्या दिसल्या नाहीत. शनिवारी कळलं, त्या आता साडेअकरालाच जेवून जातात. मी दोन रात्री मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते... नेमकं काय चुकलं, तेच समजत नव्हतं.

रविवारी सुट्टी होती. साडेअकराला गेले, माझं कूपन डब्यात टाकलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. “मावशी, माझं चुकलं.” एवढंच आलं. बाकीची वाक्यं गेली कुठं कोण जाणे.

“बस,” त्या म्हणाल्या. वरण-भात कालवायला लागल्या. मग सांगितलं.

भूकंपात त्यांचं घर गेलं, घरातली माणसं गेली. पुढं कित्येक महिने पत्र्याच्या शेडात, ताटली घेऊन रांगेत. “लोकं लई चांगली व्हती. जीप भरभरून अन्न आणायची. पण किती वाढायचं ते वाढणारा ठरवायचा. अजून द्या म्हणायला जीभ रेटायची न्हाई.”

मग नोकरी लागली. पहिल्या पगाराला त्या बस स्टँडवरच्या हॉटेलात एकट्याच गेल्या आणि राईसप्लेट घेतली. “पैसे आधी दिले. अन् पोराला म्हणलं, वरण परत आण. त्यानं आणलं!” तीस वर्षांनी सांगतानाही त्यांचा चेहरा उजळला होता.



“तू काय करतीस, ते बी बघायले मी रोज,” त्या म्हणाल्या. “दोन पोळ्या झाल्या की ताटावर हात आडवा. भरतं का गं तुझं पोट?”

आमच्या घरात शाळा शिकलेली मी पहिलीच. त्यासाठी लहानपणीच अहमदपूरला नातेवाइकांकडे राहिले. त्यांनी कधी काही कमी केलं नाही, उगाच कसं म्हणू... पण मी तिसरी पोळी कधी मागितली नाही. वाढायला कुणी आलं की हात आपोआप आडवा जातो. पूर्ण ताटाचे पैसे देऊनही मी रोज अर्धपोटी उठत होते आणि हे मी कुणालाच, अगदी आईलाही, सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात वाढणारे दादा आले. माझा हात ताटावर गेलाच. गयाबाईंनी तो मनगटाला धरून बाजूला केला.

“पैसे दिलेस ना? मग माग.”

“दादा... एक पोळी,” मी म्हणाले. “आणि वरण.”

त्यांनी वाढलं आणि पुढं गेले. कुणीही माझ्याकडं पाहिलं नाही. मी चार पोळ्या खाल्ल्या. गयाबाईंनी एकच खाल्ली, पण माझं होईपर्यंत बसून राहिल्या.

आईचा फोन आजही लागलेला नाही. पण पोट भरलंय... कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून इथं लिहिलं.