मुक्या यंत्राचा हिरवा दिवा

मोतीराम गावितला समितीवर घेतलं ते त्याच्या अकलेसाठी नव्हे. डोंगरी तालुक्यांचा एक प्रतिनिधी असावा असं नियमात लिहिलं होतं, आणि पेठकडचा, नेटवर्कचं काम जाणणारा, बोलावल्यावर निमूट येईल असा दुसरा कोणी अध्यक्षांच्या ओळखीत नव्हता. एकोणीस वर्षं हा माणूस एका ठेकेदार कंपनीत राबत होता. घाट चढायचा, खांबावर चढायचा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडायचा. आता गंगापूर रोडवरच्या हॉटेलात, गार हवेत, त्याच्यापुढे नावाची पाटी होती आणि नावाखाली ‘तज्ज्ञ’ असं छापलेलं होतं. पहिल्या दिवशी या तज्ज्ञाला कोणी चहासुद्धा विचारला नाही. तो प्रोजेक्टर लावायला आलाय असंच सगळ्यांना वाटलं.

समितीचं काम तसं साधं होतं. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतली इंटरनेटची यंत्रं नाशकात बसून कशी तपासायची, याचं मानक ठरवायचं. नाशकात भिंतीवर मोठा पॅनल, त्यावर प्रत्येक केंद्राचा एक दिवा. यंत्र ठीक तर हिरवा, बिघडलं तर लाल. अध्यक्ष होते शेखर सर. हे गृहस्थ सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, पण खुर्ची काही त्यांना सोडवत नव्हती. हिरव्याची छटा कोणती असावी यावर त्यांनी दोन बैठका घेतल्या. दोन्ही वेळा जेवणात पाइनॅपल शिरा होता.

मग आलं सातवं कलम. बिघाड कशाला म्हणायचं? मसुद्यात लिहिलं होतं, ‘यंत्राने बिघाडाचा संदेश पाठवल्यास बिघाड नोंदवावा.’

मोतीरामनं हात वर केला. “सर, यंत्र बंदच पडलं, तर संदेश कोण पाठवणार?”

शेखर सरांनी चष्मा काढून पुसला. “गावित, तक्रार आली नाही म्हणजे सगळं सुरळीत आहे, असंच धरायचं असतं.”

“त्यापेक्षा आपणच नाशकातून दर पाच मिनिटांनी यंत्राला हाक मारू. तीन हाकांना उत्तर नाही आलं, की लाल दिवा.”

यात काही मोठी अक्कल लागत नव्हती. घरातलं म्हातारं माणूस हाकेला ओ देत नसेल तर आपण दार ढकलून बघतो, तेवढंच हे. पण शेखर सर म्हणाले, “त्यानं लाल दिवे फार वाढतील हो.” हे वाक्य ते कसलीही लाज न बाळगता बोलले, आणि बाकीच्या अकरा शहाण्यांनी माना डोलावल्या. कागदावरचा डोंगर हिरवागार ठेवणं हेच आपलं काम, अशी त्यांची मनोमन खात्री होती.

मोतीराम एवढा हट्टाला पेटला होता तो आशा भोयेमुळे. आशा पेठच्या पलीकडे एका पाड्यावरच्या उपकेंद्रात नर्स होती. तिथल्या यंत्रावरून नाशिकच्या डॉक्टरीणबाईंना पेशंट दाखवता यायचा. दिवाळीपासून लाइन मेली होती आणि नाशकात तिचा दिवा हिरवा होता. तिनं चार अर्ज केले, वर तिलाच नोटीस आली. ‘सेवा सुरळीत असूनही वापर शून्य. खुलासा करावा, अन्यथा यंत्र काढून घेण्यात येईल.’

“दादा, मी सांगते लाइन नाय, ते सांगतात हाय,” ती मोतीरामला म्हणाली होती. “मग खोटी कोण, मी का तो दिवा? पाड्यावरच्या मैनाला आठवा लागलाय. पाय सुजलेत तिचे. बाईंनी नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं, खाली न्यायची का नाय ते.”

शेवटची बैठक ऑनलाइन ठरली. मोतीरामला वाटलं, आता यांना धडाच देऊ. त्यानं आधीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मी आशाताईंच्या केंद्रातून बोलणार. पॅनलवर तिथं हिरवा दिवा आहे. मी दिसलो तर माझी सूचना सोडून द्या. नाही दिसलो, तर लाइन मेलीय असं समजा आणि सूचना कलमात घाला.”

“चालेल, चालेल,” शेखर सर हसत म्हणाले.

त्या दिवशी सकाळी अकराला मोतीराम आणि आशा कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर गोल फिरत राहिला. आशानं कोरा चहा केला. गोल फिरतच होता. मोतीराम चक्क खूश होता. लाइन नसल्याचा आनंद त्याला उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच झाला. भोळा माणूस! शिकलेल्यांना एवढं तरी कळेल असं तो धरून चालला होता.

आठ दिवसांनी इतिवृत्त हातात पडलं. ‘श्री. गावित यांना सातव्या कलमाबाबत तीन वेळा विचारणा करण्यात आली. त्यांच्याकडून कोणताही आक्षेप आला नाही. मसुदा एकमताने मंजूर.’

तीन वेळा. त्याच्याच सूचनेतल्या तीन हाका त्यालाच मारल्या, उत्तर आलं नाही आणि या दिवट्यांनी ते होकारात लिहून घेतलं. मोतीराम तडक गंगापूर रोडला गेला. शेखर सरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि अगदी मनापासून विचारलं, “अहो, पण तुम्ही जॉइन का नाही झालात?”

 या माणसाला शिवी द्यावी तर तीही त्याला समजणार नाही, असं मोतीरामला वाटलं.

“आता पुढच्या आवृत्तीत बघू,” सर म्हणाले. “पाच वर्षांनी.”

महिन्याच्या आत पाड्यावरचं यंत्र काढून आणायचा हुकूम सुटला. कारण, वापर शून्य. काढायला कंपनीनं मोतीरामलाच पाठवलं, कारण घाटातला रस्ता त्यालाच पाठ होता. त्यानं स्क्रू काढले, वायर गुंडाळली.  आशानं यंत्राच्या जागी भिंतीवर राहिलेली धूळ पुसली आणि म्हणाली, “दादा, जीपमधी जागा हाय का? मैनाला रात्रीपासून डोळ्यापुढं अंधारी येते. आता विचारायचं तरी कोणाला?”

मैनाला मागच्या सीटवर आडवं केलं, तिचं डोकं आशाच्या मांडीवर. यंत्र ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते खाली टाकलं. घाट उतरून पेठ जवळ आल्यावर मोबाइलला रेंज आली. दवाखान्यात कळवून ठेवावं म्हणून मोतीरामनं गाडी थांबवली. फोन झाला. मग राहवलं नाही म्हणून त्यानं मोबाइलवरच नाशकातला पॅनल उघडून बघितला.

आशाच्या केंद्राचा दिवा हिरवा होता. यंत्र मैनाच्या सुजलेल्या पायांखाली पडलं होतं, आणि त्यानं काही तक्रार केली नव्हती.